पंधरा रुपयांचा कंडेन्सर

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असा चिटणीससाहेबांचा निरोप आला, तेव्हा आम्ही जरा संकोचलो. संस्थेचा इतिहास, वसतिगृहाची वाटचाल, देणगीदारांचा परिचय हे विषय आमच्याहून अधिकारी मंडळींनी आधीच हाती घेतले आहेत. आम्ही पडलो शाळेत विज्ञान शिकविणारे मास्तर. आमच्यापाशी सांगण्यासारखे ते काय असणार? परंतु अलीकडे संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो की चहाच्या वेळी कोणी ना कोणी आम्हांस बाजूला घेतो आणि विचारतो, "मास्तर, घरातला रिमोटचा बोर्ड बंद पडला आहे. बसविणारा म्हणतो, सगळाच नवा घ्या. दुसरा काही उपाय नाही का हो?"

उपाय बहुधा असतो, आणि तो पुष्कळदा दहा-वीस रुपयांचा असतो. मात्र ते दहा-वीस रुपये कोणत्या वस्तूसाठी, कोठे आणि काय पाहून खर्च करावयाचे हे ठाऊक नसेल, तर त्यांचे चार-पाच हजार होण्यास वेळ लागत नाही. रिमोटवर चालणारे दिवे-पंखे, टाकी भरताच आपोआप बंद होणारा पंप, जिन्यात पाऊल वाजताच लागणारा दिवा, अशा सोयी आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आल्या आहेत. त्या बिघडल्यावर लागणारे बारीकसारीक सुटे भाग स्वस्तात कसे मिळवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. या कामी आम्ही स्वतः एकदा चांगलेच ठेचाळलो. ती ठेचही सांगणार आहोत, म्हणजे वाचकांस ती लागणार नाही.

पंखा की घंटा?

आपल्या संस्थेचे एक वयोवृद्ध सभासद आहेत. सारे त्यांना आप्पा म्हणतात, आम्हीही म्हणतो. काचीगुड्याच्या बाजूस त्यांचे जुने घर आहे. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी असतो. त्याने त्या वेळी वडिलांच्या खोलीत रिमोटवर चालणारा एक बोर्ड बसवून दिला. त्यावर तीन गोष्टी चालत: पंखा, दिवा, आणि स्वयंपाकघरात वाजणारी घंटा. डाव्या हाताच्या अंगठ्याने रबरी बटण दाबले की घंटा वाजे आणि काकू हातातले काम टाकून येत. आपण ज्यास चैन म्हणतो, ती त्या घरात गरज होती.

२०२३ च्या मे महिन्यात काकूंचा आम्हांस फोन आला. आम्ही दुपारी तीनच्या सुमारास गेलो. हैदराबादचा मे कसा असतो हे वाचकांस सांगावयास नको. आप्पा घामाने निथळत पडले होते आणि डोक्यावरचा पंखा बंद. आम्ही विचारले, "आप्पा, वीज आहे, मग पंखा का बंद?"

त्यांचे बोलणे थोडे जड झाले आहे. सावकाश म्हणाले, "मास्तर, पंखा लावला की घंटा वाजत नाही. ही आत ओट्यापाशी असते. तिला हाक ऐकू जात नाही. दोहोंतून एकच मिळणार असेल तर घंटा बरी."

आम्ही पंखा लावून पाहिला. पंखा सुरू झाला. मग घंटेचे बटण दाबले. बोर्डातून टकटक, टकटक असा आवाज आला, पंखा अडखळला, आणि घंटा मुकीच राहिली. पंखा बंद करून दाबले, तर घंटा खणखणीत वाजली. एकेकटे सर्व चालते, दोन एकत्र आले की सर्व अडते. आमच्या मते रोगाचे निदान येथेच अर्धे झाले होते.

बसविणाऱ्या कारागिराने येऊन पाहिले होते. "हे मॉडेल आता बंद झाले, नवीन बसवा, साडेचार हजार होतील," असे सांगून तो गेला होता. मुलगा फोनवर म्हणत होता, "बाबा, नवीन घ्या, पैसे मी पाठवतो." अडचण पैशाची नव्हती. नवा बोर्ड मोबाईलच्या काचेवर बोट ठेवून चालतो, आणि आप्पांचे बोट काचेवर स्थिर राहत नाही. जुन्या रिमोटची तीन रबरी बटणे त्यांच्या अंगठ्याच्या ओळखीची होती, अंधारातही सापडत. म्हणून तो जुना बोर्डच वाचविणे भाग होते.

बोर्डाच्या पोटात

मुख्य स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनला जोडीस घेऊन बोर्ड उतरविला व शाळेच्या प्रयोगशाळेत आणला. असल्या बोर्डांच्या पोटात साधारण सारखेच सामान असते. एक छोटी चिप रिमोटचा हुकूम समजून घेते. चौकोनी निळ्या डबीसारखे रिले असतात. ते म्हणजे विजेच्या चुंबकाने दाबले जाणारे स्विच. आणि या सर्वांना लागणारी थोडीशी वीज पुरविणारा एक भाग असतो. आमचा अनुभव असा की शंभरांतील बहुतेक बिघाड या तिसऱ्या भागात असतात. चिप क्वचितच जाते.

घरातील वीज २३० व्होल्टची. रिलेला हवे असतात २४ व्होल्ट, तेही अगदी थोड्या प्रवाहाचे. ती घट करण्यास पूर्वी ट्रान्स्फॉर्मर वापरीत. तो जड असतो, महाग असतो, आणि भिंतीतल्या पेटीत मावत नाही. मध्ये नुसता रेझिस्टन्स घातला तर तो चौदा-पंधरा वॅट उष्णता ओकत बसेल. म्हणून कारखानदारांनी युक्ती काढली. विजेच्या वाटेत एक कंडेन्सर घातला. क्रमिक पुस्तकात ज्यास धारित्र म्हणतात, तेच हे. घरातील वीज सेकंदास ५० वेळा उलटसुलट होते. असल्या विजेला कंडेन्सर पूर्ण अडवीत नाही, आणि मोकळेही सोडीत नाही. अर्धवट उघडलेल्या तोटीप्रमाणे तो बेताचाच प्रवाह जाऊ देतो, आणि स्वतः फारसा तापत नाही.

किती प्रवाह जाऊ देतो, याचा हिशोब नववी-दहावीच्या मुलासही जमेल. १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर सुमारे ७२ मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देतो. कंडेन्सरची धारकता निम्मी झाली की प्रवाहही निम्मा होतो. २४ व्होल्टचा एक रिले ओढून धरण्यास सुमारे १५ मिलिअँपिअर लागतात. तीन रिलेंना ४५, वर चिपला पाच-सहा. म्हणजे ७२ मध्ये संसार आरामात चालतो.

आम्ही आप्पांच्या बोर्डावरील कंडेन्सर काढून मीटरवर धरला. अंगावर १ मायक्रोफॅरड छापलेले; मीटरने दाखविले ०.३८. म्हणजे मिळणारा प्रवाह सत्तावीस मिलिअँपिअरच्या आसपास उतरला होता. एक रिले आणि चिप यांचे भागे. दुसरा रिले ओढला जाताच व्होल्टेज कोसळे, दोन्ही रिले सुटत. सुटले की भार हलका होऊन व्होल्टेज पुन्हा चढे, रिले पुन्हा ओढले जात. तीच ती टकटक. पंखा की घंटा हा पेच या एका आटलेल्या कंडेन्सरने आप्पांपुढे टाकला होता.

कंडेन्सर आटतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या आत प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा असतो व त्यावर धातूचा त्याहून पातळ थर चढविलेला असतो. विजेचा एखादा क्षणिक झटका आला की पापुद्र्यास सुईच्या अग्राएवढे भोक पडते. त्याच क्षणी भोकाभोवतीचा धातू उडून जातो आणि ती जागा निकामी, पण निर्धोक होते. ही आत्मदुरुस्तीची सोय उत्तम आहे. मात्र प्रत्येक वेळी थोडा धातू खर्ची पडतो. अशी हजारो भोके पडली की कसर लागलेल्या शालीसारखी त्याची गत होते. शाल दिसते अखंड, पण ऊब देत नाही. कंडेन्सरही बाहेरून कोरा करकरीत दिसतो. म्हणून तो डोळ्यांनी न पाहता मीटरने पाहावा. धारकता मोजणारा मीटर आता हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि पुष्कळ शाळांत असतोच.

नाव नीट वाचावे

दुकानात जाऊन "रिमोटच्या बोर्डाचा पार्ट द्या" म्हणणाऱ्यास पूर्ण बोर्डच विकला जातो. "एक्स-टू, एकशेपाच के, २७५ व्होल्ट एसी, पायांत साडेबावीस मिलिमीटर" असे म्हणणाऱ्यास पंधरा रुपयांत वस्तू मिळते. आमच्या मते स्वस्ताईचे निम्मे रहस्य वस्तूचे नाव अचूक सांगण्यात आहे. ते वाचण्याची रीत येणेप्रमाणे.

कंडेन्सरवर १०५ असे छापलेले असेल तर पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यावे आणि तिसऱ्या आकड्याइतकी शून्ये पुढे द्यावी: १० वर पाच शून्ये. उत्तर पिकोफॅरडमध्ये येते. १०,००,००० पिकोफॅरड म्हणजे १ मायक्रोफॅरड. त्याच रीतीने ४७४ म्हणजे ०.४७ आणि २२५ म्हणजे २.२ मायक्रोफॅरड. पुढील अक्षर किती फरक चालेल ते सांगते: जे म्हणजे शेकडा ५, के म्हणजे शेकडा १०, एम म्हणजे शेकडा २०. एक्स-टू ही खूण सर्वांत महत्त्वाची. तिच्याविषयी पुढे सांगू.

उभ्या नळकांड्यासारखा जो दुसरा कंडेन्सर असतो, त्यावर ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट असे काही लिहिलेले आढळेल. तो विजेचे चढउतार सपाट करतो. त्याच्या पोटात ओलसर द्रव्य असते व ते उन्हाळ्यांगणिक सुकत जाते. साधारण नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून ८५ अंशांचा न घेता १०५ अंशांचा घ्यावा. फरक रुपया-दोन रुपयांचा असतो. डोके फुगलेले दिसले तर तो गेलाच समजावे.

रेझिस्टन्सवर आकड्यांऐवजी रंगांचे पट्टे असतात. पिवळा, जांभळा, पिवळा म्हणजे ४७ वर चार शून्ये, ४,७०,००० ओहम. डायोडवर बारीक अक्षरांत १एन४००७ असा क्रमांक असतो. तो एक अँपिअर व हजार व्होल्टचा असून जवळजवळ प्रत्येक बोर्डात सापडतो. कोणताही क्रमांक इंटरनेटवर घातला की त्याचे माहितीपत्रक फुकट वाचावयास मिळते.

आणि हे सर्व करण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. बिघाड बोर्डात नसून रिमोटमध्येच असतो, असेही पुष्कळदा होते. मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. काही मोबाईलच्या मागील कॅमेऱ्यात तो दिसत नाही, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे.

कोठे शोधावे

पहिले ठिकाण आपले घरच. जुन्या वळणदार सीएफएल दिव्याच्या बुडाशी छोटा बोर्ड असतो, त्यात चार डायोड सहज मिळतात. (काचेची नळी मात्र फोडू नये, तीत पारा असतो.) संगणकाच्या टाकून दिलेल्या वीजपेटीत, जेथे वायर आत शिरते तेथे, एक्स-टू कंडेन्सर असतो. ही पेटी वापरातून काढल्यावरही तिच्यातील मोठा कंडेन्सर काही काळ भरलेला राहतो, म्हणून ती लगेच उघडू नये. असले जुने भाग मीटरवर तपासल्याखेरीज लावू नयेत. मुलांना शिकण्यासाठी ते उत्तम. कोणाच्या उशाशी चालणाऱ्या बोर्डात लावण्यास नवाच नग घ्यावा.

दुसरे ठिकाण बाजार. आपल्या शहरात कोटीची गुजराती गल्ली यासाठी प्रसिद्ध आहे. मेट्रोचे सुलतान बझार स्थानक तेथून जवळ पडते. आपल्या संस्थेचे जे कुटुंबीय अन्य शहरांत आहेत, त्यांना मुंबईस लॅमिंग्टन रोड, पुण्यास बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर, बंगळुरास एस. पी. रोड, चेन्नईस रिची स्ट्रीट आणि दिल्लीस चांदणी चौकातले लजपतराय मार्केट येथे हाच माल मिळेल. गल्लीत जाताना जुना नग कागदाच्या पुडीत बांधून बरोबर न्यावा. पायांतील अंतर पट्टीने मोजून लिहून घ्यावे, नाहीतर घरी आल्यावर वस्तू भोकांत बसत नाही. गर्दीच्या वेळी जाऊ नये. दुकानदार घाऊक गिऱ्हाइकांत गुंतलेला असतो आणि एका नगासाठी त्याला उठविणे त्याच्या जिवावर येते. एकाऐवजी पाच घेतले तर भाव बहुधा उतरतो, आणि चार नग पुढच्या वेळी कामी येतात. मीटर बरोबर असल्यास काउंटरवरच मोजून घ्यावे. चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

तिसरे ठिकाण इंटरनेटवरील दुकाने. तेथे वर्णन सविस्तर असते, पण आणणावळीचा हिशोब पाहावा. समजा कंडेन्सर १४ रुपयांचा आणि आणणावळ ६० रुपये. तर एक नग ७४ रुपयांस पडला. तेच दहा नग मागविले तर १४० अधिक ६० मिळून २००, म्हणजे नग २० रुपयांस. पूर्वी काही मंडळी चीनमधील एका स्वस्त दुकानावरून थेट माल मागवीत; त्या अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारने बंदी घातली. आता आपल्या देशातच असा माल ठेवणारी दुकाने पुरेशी आहेत.

आमची चूक

आता ठेचेची हकीकत. आप्पांच्या बोर्डासाठी आम्ही गुजराती गल्लीत गेलो. दुकानदाराने जुना नग उलटसुलट करून पाहिला आणि नेहमीच्या दखनीत विचारले, "मास्टरसाब, लोकल देऊं की कंपनी का होना?" आम्ही भाव विचारला. कंपनीचा एक्स-टू १५ रुपये. 'लोकल' ६ रुपये. त्यावर १०५ जे, ४०० व्होल्ट असे छापलेले. आम्ही मनात म्हटले, २७५ पेक्षा ४०० मोठे, आणि तेही स्वस्त! पदवी घेतलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या, वीस वर्षे मुलांना एसी आणि डीसी यांतील भेद शिकविणाऱ्या मास्तराने तो सहा रुपयांचा नग उचलला.

तो ४०० चा आकडा डीसीचा होता. २३० व्होल्ट एसी म्हणतात ती वीज प्रत्येक लाटेच्या माथ्यावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते, आणि त्यावर अधूनमधून येणारे झटके निराळेच. एक्स-टू जातीचे कंडेन्सर थेट घरच्या विजेवर अहोरात्र राहण्यासाठी घडविलेले असतात. त्यांना अडीच हजार व्होल्टपर्यंतच्या क्षणिक धक्क्यांची चाचणी पार करावी लागते, आणि निकामी झाले तरी पेट घेऊ नयेत अशी त्यांची बांधणी असते. आम्ही घेतलेल्या नगास यातले काहीच बंधन नव्हते. तो आकारानेही लहान होता. पाय वाकवून भोकांत बसवावे लागले. तेव्हाच आम्हांस उमगावयास हवे होते.

बोर्ड चालू झाला. पंखा, दिवा, घंटा तिन्ही एकत्र चालली. काकूंनी चहा केला, आप्पांनी डाव्या हाताने आमचा हात दाबला, आणि आम्ही फुशारून घरी आलो. शाळेत नववीच्या वर्गाला ही गोष्ट रंगवून सांगितली.

पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी, आम्ही सहज आप्पांकडे गेलो. उशाशी एक स्टीलचे भांडे आणि चमचा ठेवलेला दिसला. आम्ही काकूंना विचारले तर त्या काही बोलल्या नाहीत. मग आप्पांनीच सांगितले. चार रात्रींपूर्वी पायात गोळे आले, दिवा लावला, घंटा दाबली, ती वाजली नाही. काकू पलीकडच्या खोलीत झोपलेल्या. हाक पोहोचली नाही. पहाटेपर्यंत ते तसेच ओल्या अंथरुणावर पडून होते. "तुम्हांला कशाला पुन्हा त्रास द्यायचा, मास्तर," एवढेच ते म्हणाले.

आम्ही तो कंडेन्सर मोजला. १ मायक्रोफॅरडचा अर्धाही उरला नव्हता. नऊ रुपये वाचविले होते, आणि त्याची किंमत चार रात्री दुसऱ्याच माणसाने भरली होती. त्याच संध्याकाळी कोटीस जाऊन पंधरा रुपयांचा एक्स-टू आणला. बरोबर १०५ अंशांचा फिल्टर कंडेन्सर ८ रुपयांस व चार डायोड ४ रुपयांस घेतले. एकूण २७ रुपये. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मागची रंगविलेली गोष्ट पुरी केली. मुलांना यशापेक्षा ही दुसरी बाजू अधिक नीट समजली असे दिसले.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. जी वस्तू थेट २३० व्होल्टच्या वाटेत आहे, म्हणजे एक्स-टू कंडेन्सर, फ्यूज, रिले आणि वायर, तेथे पैशाकडे पाहावयाचे नाही. जी वस्तू त्याच्या पलीकडे आहे, म्हणजे छोटे रेझिस्टन्स, दर्शक दिवे, रिमोटचा संदेश टिपणारा डोळा, बटणे, तेथे खुशाल घासाघीस करावी, जुने वापरावे. 'लोकल' हा शब्द वाईट नाही. तो कोठे चालतो ते कळले पाहिजे.

हात कोणी घालावा

एक इशारा दिल्याखेरीज पुढे जाणे बरे नव्हे. ज्या बोर्डात ट्रान्स्फॉर्मर नसतो, त्यातील २४ व्होल्टची बाजूही घरच्या विजेपासून वेगळी झालेली नसते. आकडा लहान दिसला तरी जमिनीवर उभ्या माणसास तो पूर्ण धक्का देऊ शकतो. सबब चालू बोर्डास, त्याचा कोणताही भाग असो, हात लावू नये. मुख्य स्विच बंद करावा, टेस्टरने खात्री करावी, मगच पेच ढिले करावे. भिंतीवरून उतरविणे व परत चढविणे हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. आम्हीही तसेच करतो.

वीज बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला राहू शकतो. तो रिकामा व्हावा म्हणून त्याच्या बगलेस एक ४,७०,००० ओहमचा रेझिस्टन्स जोडलेला असतो, आणि तो क्षणार्धात काम उरकतो. परंतु तोच तुटलेला असेल तर? म्हणून मिनिटभर थांबून, मीटरने व्होल्टेज शून्य झाल्याचे पाहून, मगच पुढे जावे. डाख देण्याचे काम मुलांना शिकवावे, जरूर शिकवावे, पण सुट्या बोर्डावर आणि मोठ्यांच्या देखत.

एक सूचना

आमच्या अम्मीपाशी बटणांचा एक डबा होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. जुना सदरा पोतेऱ्यात जाण्यापूर्वी त्याची बटणे त्या डब्यात पडत. गल्लीतील कोणाच्याही शेरवानीचे वा झंपराचे बटण तुटले की ते पोर आमच्या दारात उभे राही, आणि बहुधा जुळते बटण मिळे. बटण विकत घ्यावे तर दुकानदार डझनाशिवाय देत नसे. गल्लीला गरज एकाची, आणि बाजार देई बारा. हा मेळ तो डबा घालीत असे.

सुट्या भागांचेही नेमके तेच आहे. एकट्या घरास एक कंडेन्सर हवा असतो, आणि स्वस्त पडतो तो दहा घेतले तर. म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे, की संस्थेच्या कार्यालयात असा एक डबा असावा. त्यात १०५, ४७४ व २२५ चे एक्स-टू कंडेन्सर दहा-दहा, १एन४००७ डायोड शंभर, ५, १२ व २४ व्होल्टचे रिले चार-चार, रिमोटचा डोळा पाच, आणि शंभर व ४,७०,००० ओहमचे रेझिस्टन्स एवढे असले तरी पुष्कळ होईल. नळकांड्याचे कंडेन्सर मात्र थोडेच ठेवावे. ते नुसते पडूनही म्हातारे होतात. जो नेईल त्याने खरेदीची किंमत डब्यात टाकावी आणि वहीत नोंद करावी.

डबा असून भागत नाही, पारखणारी माणसेही लागतात. आपल्या शहरात १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि तेथून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्या सभासदांतही आहेत. त्यांच्या बोटांत जे ज्ञान आहे, ते आमच्यासारख्या पुस्तकी मास्तराच्या डोक्यात नाही. त्यांनी महिन्यातून एक रविवार दोन तास कार्यालयात बसावे, आमच्या शाळेची चार मुले आम्ही हाताखाली देतो. मीटर आमचा. डब्यातील पहिल्या दहा एक्स-टू कंडेन्सरांचे दीडशे रुपयेही आमच्याकडून धरावे; आमच्यावर नऊ रुपयांचे एक जुने देणे आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही आप्पांकडे गेलो होतो. पंखा चालू होता, दिवा लागलेला होता. स्टीलचे भांडे अजून उशाशीच आहे. काकू म्हणाल्या, असू द्या, त्याने काय बिघडते. आम्ही बसताच आप्पांनी अंगठ्याने तिसरे बटण दाबले. आत ओट्यापाशी घंटा वाजली आणि काकूंनी तेथूनच विचारले, "मास्तरांना साखर किती?"